गीत क्रमांक सांगण्याआधी

पंचहौद म्हटले की पुणेकराला आधी चहा आठवतो. १८९० साली गुरुवार पेठेतल्या या मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा आला, त्या मंडळींत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे होते, आणि प्रकरण पुढे प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्याच आवारात १८८५ साली उभे राहिलेले पवित्र नाम देवालय आहे, त्याच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडमधल्या लफबरो गावी टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत, आणि आत दर रविवारी मराठीत गाणे होते. हे मात्र सदाशिव पेठेतल्या चांगल्या कानसेनालाही बहुधा ठाऊक नसते. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता ओलांडून पूर्वेला चालत गेले, तर हे अंतर फार नाही. तरीही मराठी संगीताबद्दल एवढे लिहिणाऱ्या या शहराने या गाण्याकडे क्वचितच कान दिला.

हे पुस्तक त्या गाण्याबद्दल आहे. ते कोण निवडते, कशावरून निवडते, आणि पेटीवर बसलेला माणूस ते कसे वाजवतो, एवढाच त्याचा विषय. वरवर पाहता विषय लहान आहे. पण आत शिरल्यावर तो लहान राहत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की चर्चमध्ये काही ठरावीक भक्तिगीते असतील आणि लोक ती आलटून पालटून गात असतील. अँग्लिकन परंपरेत तसे नसते. या परंपरेला अमेरिकेत एपिस्कोपल म्हणतात, आणि आपल्याकडे १९७० पासून ती उत्तर भारतीय मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये सामावली आहे. तिचे वर्ष पंचांगासारखे बांधलेले असते. नाताळाआधीचा आगमनकाल, मग नाताळ, प्रकटीकरण, चाळीस दिवसांचा उपवासकाल, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थान, पेन्टेकॉस्ट, त्रैक्याचा रविवार. प्रत्येक रविवारचे शास्त्रपाठ नेमलेले असतात. गाणे त्या पाठांना उत्तर देणारे हवे. समजा, उपवासकालातल्या एखाद्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला वाचायचा आहे. त्या दिवशी प्रवेशाला जयजयकाराचे गीत चालेल का? उपदेशानंतर लगेच पश्चात्तापाचे गीत घेतले, तर पुत्राला मिठी मारणाऱ्या बापाचा आनंद मागे पडत नाही ना? अर्पणाच्या वेळी कोणते घ्यावे? प्रभुभोजनाला कोणते?

प्रभुभोजनाचे गीत निवडणे ही तर वेगळीच परीक्षा. माणसे रांगेने पुढे येतात, गुडघे टेकतात, परत जागेवर जातात. मंडळी चाळीसांची असली तर चार कडव्यांत काम होते, सणाच्या दिवशी तीनशे माणसे आली तर तेच गीत मध्येच संपते आणि देवळात पावलांचा आवाज तेवढा उरतो. म्हणून जाणता वादक रांगेवर एक डोळा ठेवून वाजवतो. रांग लांबली की धृपद पुन्हा घेतो, शब्द थांबवून नुसती चाल फिरवतो, आणि शेवटचा माणूस उठताना सम गाठतो. हे कोणत्याही छापील पुस्तकात नसते. शेजारी बसून पाहिल्याशिवाय ते येत नाही.

गाणी वर्षाच्या क्रमात बसवण्याची शिस्त घालून देणाऱ्यांपैकी एक माणूस पुण्यात येऊन गेला आहे. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२५ साली लष्कर भागातल्या सेंट मेरीज चर्चचे समर्पण केले. त्याच्या आधी इंग्लंडमधल्या हॉडनेट गावी ते धर्मगुरू होते. त्या काळी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये छंदोबद्ध स्तोत्रसंहितेपलीकडची गीते गाणे वरिष्ठांना फारसे रुचत नसे. हेबर यांनी वर्षातल्या प्रत्येक रविवारसाठी आणि सणासाठी गीत असावे असा संग्रह आखला, पण त्याला अधिकृत मान्यता मिळाली नाही. १८२६ साली तिरुचिरापल्लीला त्यांचे अकाली निधन झाले, आणि संग्रह दुसऱ्या वर्षी छापला गेला. त्रैक्याच्या रविवारसाठी त्यांनी लिहिलेले गीत आज जगभर गायले जाते. १८६१ सालच्या ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ या संग्रहात जॉन डाइक्स यांच्या चालीवर ते आले आणि रुजले.

याच हेबर यांचे मिशनकार्यावरचे दुसरे एक गीत, जे ग्रीनलंडच्या उल्लेखाने सुरू होते, पूर्वेकडच्या माणसांना हीन लेखणारे आहे. गांधीजींनी त्याच्याविषयी उघड नाराजी व्यक्त केली होती, आणि पुढे अनेक संग्रहांनी ते गाळले. एकाच लेखणीतली दोन गाणी, एक ठेवायचे आणि एक सोडायचे. गीत निवडणाऱ्याच्या हाती केवढी जबाबदारी असते ते इथे दिसते. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या नियमांत तर उपासनेच्या संगीताची अंतिम जबाबदारी धर्मगुरूवर टाकलेली आहे, आणि संगीताच्या जाणकारांचे साहाय्य घ्यावे असेही सांगितले आहे. त्यांच्या ‘हिम्नल १९८२’ मध्ये ७२० गीते आहेत. त्यांतून एका रविवारची चार-पाच निवडायची म्हणजे उरलेल्या सातशेंना त्या दिवसापुरते नको म्हणायचे.

पुण्यात अँग्लिकन गाणे दोन वाटांनी आले. लष्कर भागात ते गोऱ्या पलटणींबरोबर आले. ऑर्गन, चार आवाजांत गाणारा गायकवृंद, इंग्रजी शब्द. शहरात ते कौली फादर्स आणि वाँटेजच्या भगिनींबरोबर आले. ही मंडळी ऑक्सफर्ड चळवळीच्या मुशीतली, प्राचीन विधींचा आणि एकसुरी स्तोत्रपठणाचा आग्रह धरणारी. त्यांनी पंचहौदला उपासना मराठीत आणली, पण तिची बांधणी इंग्लंडचीच राहिली. प्रार्थनापुस्तक मराठी, चाल विलायती. स्कॉटिश मिशनचा बाज आणखी निराळा होता. त्यांच्या परंपरेत स्तोत्रसंहितेचे छंदोबद्ध रूप वाद्याविना गाण्याची जुनी रीत होती, आणि खुद्द स्कॉटलंडमध्ये चर्चमधल्या ऑर्गनवरून एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला होता.

खरी उलथापालथ घडली ती नगरला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे ठाणे मांडले. त्याच्या काही दशकांनंतर, १८६०च्या सुमारास, तिथल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी एक गोष्ट ओळखली: गावात रात्री दिवट्यांच्या उजेडात माणसे जमतात ती कीर्तनाला. मग शुभवर्तमान कीर्तनातून का सांगू नये? कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गायक-कवींनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये साकी, दिंडी, पदे, मागे झांज, मृदंग आणि साथीदार. आख्यान उधळ्या पुत्राचे किंवा योसेफाचे. नारदमंदिर ज्या पेठेत आहे त्या पेठेतल्या वाचकाला या कलेची थोरवी सांगायला नको. परधर्माच्या आशयाला तिने किती सहज पेलले याचे नवल मात्र त्याला नक्की वाटेल. सांगळे यांचे सर्वस्व अर्पण करण्याविषयीचे एक पद पुढे इंग्रजीत गेले, आणि ‘तन मन धन’ या नावाची ती चाल परदेशी स्तोत्रसंग्रहांत छापली गेली.

इथे एक तुलना करावीशी वाटते. १९०६ साली राल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकाराने ‘इंग्लिश हिम्नल’मध्ये खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लोकगीतांच्या चाली उपासनेत आणल्या, आणि संगीताच्या इतिहासात त्याचे योग्य कौतुक झाले. लोकांच्या ओठांवरची चाल देवळात नेण्याचे तेच काम नगरच्या माणसांनी त्याआधी चार दशके सुरू केले होते. त्याची नोंद मराठीतही नीट झालेली नाही.

आणि मग आले नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात करजगावी जन्मलेला हा चित्पावन कवी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला आणि नगरच्या मिशनमध्ये रमला. पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात दोनशेहून अधिक गीते एकट्या टिळकांची आहेत. एखाद्या भाषेतल्या उपासनेवर एका कवीची इतकी गडद छाप क्वचितच पडते. पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे टिळकांचे घर महाराष्ट्राला ठाऊक झाले, त्यांची निसर्गकविता पाठ्यपुस्तकांत गेली. त्यांचे सर्वांत जास्त गायले गेलेले काव्य मात्र ‘उपासना संगीत’मध्ये आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते क्वचितच उघडले आहे. ही उणीव मोठी आहे.

टिळकांच्या गीतांनी नेमके काय बदलले, हे समजायला छंदाकडे जावे लागते. इंग्रजी स्तोत्राचा नेहमीचा साचा आठ-सहा-आठ-सहा अवयवांचा, आणि त्याची चाल बहुधा आघाताच्या आधीच्या एका हलक्या सुरावर सुरू होते. त्या चालीत मराठी शब्द भरले की पहिले अक्षर हलके पडते आणि दुसऱ्यावर जोर येतो. ‘करुणा’ हा शब्द तिथे ठेवून पाहावा. ‘क’ निसटतो, ‘रु’ दीर्घ होतो, आणि मराठी कानाला तो शब्द परका वाटू लागतो. जुन्या भाषांतरित गीतांत असे ठिकठिकाणी घडते. लोक ती श्रद्धेने गातात, पण शब्द आणि सूर एकमेकांशी झटत राहतात. मोठ्या अभंगाचा घाट याच्या अगदी उलट. सहा-सहा-सहा-चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडाला यमक, आणि शेवटच्या चार अक्षरांत श्वास घ्यायला मोकळी जागा. टिळकांनी ख्रिस्ताची प्रार्थना या घाटात बसवली आणि मंडळीला टाळ हाती घेऊन गाता येऊ लागले. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा दुसऱ्या कडव्यापासून सुरात मिसळू लागली. उपासनेच्या संगीताची कसोटी हीच असते: गायकवृंद कितीही तयारीचा असला तरी गायचे असते मंडळीने.

आता पेटीकडे यायला हवे. हातपेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो, त्यामुळे चार आवाजांचे विलायती स्तोत्र तिच्यावर जसेच्या तसे वाजू शकत नाही. वादकाला उजव्या हाताने चाल धरावी लागते आणि जमेल तिथे एखादा खालचा सूर दाबून भरणा करावा लागतो. पायपेटीवर, म्हणजे ज्याला नाटकवाले ऑर्गन म्हणत त्यावर, दोन्ही हात मोकळे. गंधर्व मंडळीच्या नाट्यपदांमागे सूर भरणारे हे वाद्य चर्चमध्येही होते, आणि दोन्हीकडे त्याने मराठी कानाला लांब, अखंड सुराची गोडी लावली. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले आणि ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बंद राहिले, पण देवळातली पेटी कधी थांबली नाही.

पट्टीचा प्रश्न तर दर रविवारचा. पुरुषांचा आवाज काळी एकला मोकळा लागतो, बायकांना काळी चारच्या आसपास सोयीचे पडते. उपासनेत दोघांनी एकत्र गायचे असते. शिवाय मंडळीत म्हातारी माणसे असतात, मुले असतात, आणि सकाळची वेळ असते. चाल वरच्या षड्जाच्या पुढे जाते की मध्यमावरच रेंगाळते, हे पाहून पट्टी ठरवावी लागते. इंग्रजी पुस्तकात छापलेली पट्टी तिथल्या गायकवृंदाला सोयीची असते. ती तशीच उचलली तर तिसऱ्या ओळीला अर्धी मंडळी गप्प होते. दोष मात्र लोकांच्या अनुत्साहाला दिला जातो, हे अन्यायाचे आहे.

नगरची आणि पंचहौदची वाट एकत्र आणण्याचा पहिला विचारपूर्वक प्रयत्न एका अँग्लिकन धर्मगुरूने केला. जॅक विन्स्लो हे टिळकांचे चरित्रकार. १९२० साली त्यांनी ई. सी. रॅटक्लिफ आदी सहकाऱ्यांबरोबर भारतीय चर्चसाठी स्वतंत्र प्रभुभोजनविधी असावा अशी मांडणी केली. आधार घेतला तो पूर्वेकडच्या सिरियन परंपरेचा. १९२२ साली नगरला त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, आणि त्या दशकाच्या अखेरीस संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. व्हेरियर एल्विन १९२७ साली भारतात आले ते याच संघाबरोबर. जमिनीवर बसून उपासना, भजन, खादी, भारतीय आणि युरोपीय माणसांचे एकत्र जेवण. त्या काळाच्या चर्चला हे पचायला जड होते. आश्रमाचे दुसरे पर्व १९७२ नंतरचे. तेव्हा कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी तो एकत्र चालवला आणि उपासनेत आरती, भजन, मौन यांना स्थान दिले. कॅथलिकांकडेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट मोकळी करून दिली होती. अर्थात गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापले गेले होते, म्हणजे मराठी छंद आणि ख्रिस्तकथा यांची ओळख फार जुनी.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या आणि सीएनआय जन्माला आली. कागदावरचे एकीकरण एका दिवसात झाले, गाण्यातले अजून चालू आहे. जुनी अँग्लिकन मंडळी वर्षाचा क्रम आणि विधीतले ठरलेले प्रतिसाद घेऊन आली, नगरकडची मंडळी भजन आणि कीर्तन घेऊन आली. आज एकाच देवळात एकाच सकाळी डाइक्सची चाल आणि टिळकांचा अभंग एकापाठोपाठ ऐकू येतात. या दोन वारशांमधला सांधा जुळवणारी व्यक्ती म्हणजे गीत निवडणारा आणि पेटीवर बसणारा. अनेकदा ती एकच व्यक्ती असते. या पुस्तकाची सगळी उभारणी या एका विचारावर आहे: ते काम फावल्या वेळची सेवा समजून सोडून देण्यासारखे नाही. ती एक विद्या आहे, आणि ती शिकवली गेली पाहिजे.

हे आताच सांगण्याचे कारण साधे आहे. ‘उपासना संगीत’सारख्या मराठी गीतसंग्रहांच्या ज्या प्रती मंडळीच्या हाती असतात, त्यांत शब्द असतात, स्वरलेखन नसते. चाल राहते ती तोंडातोंडी. ज्या घरांत संध्याकाळी पेटी काढून चार गीते म्हणण्याची रीत होती, तिथे ती मोडत चालली आहे. तरुण मंडळी पडद्यावरचे शब्द पाहून हिंदी आणि इंग्रजी गीते गातात, की-बोर्डमधला तयार ठेका लावतात. त्यांच्या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण ती मनापासून गातात, आणि टिळकांची गीतेही एके काळी नवीच होती. पण तयार ठेक्याला थांबता येत नाही. अभंगातल्या शेवटच्या चार अक्षरांनंतरचा श्वास त्याला कळत नाही, प्रभुभोजनाची रांग त्याला दिसत नाही. आणि एकदा चाल विसरली गेली की छापलेला शब्द तिला परत आणू शकत नाही.

म्हणून पुस्तकाचा मोठा भाग स्वरलेखनाला दिला आहे. भातखंडे पद्धतीने, कारण पेठेतल्या गायनवर्गात शिकलेल्या कोणालाही ते वाचता येईल. विलायती चालींना सोबत पाश्चात्त्य स्वरलेखनही आहे. एकाच गीताच्या दोन गावांत दोन चाली असतील तर दोन्ही दिल्या आहेत, कोणती खरी असा निवाडा केलेला नाही. वर्षाच्या क्रमाने गीते सुचवताना प्रत्येक सूचनेमागचे कारण सांगितले आहे, म्हणजे वाचणाऱ्याला ते कारण न पटल्यास स्वतःची निवड करता येईल. सर्वांत विस्तृत विवेचन उत्तम शुक्रवारचे. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरील सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर मनन आणि मग गीत. सातही गीते शोकाचीच घेतली तर चौथ्यापर्यंत मन बधिर होते. क्षमेचा उद्गार, आईला शिष्याच्या हवाली करण्याचा उद्गार, तहानेचा उद्गार, यांचे भाव वेगळे, म्हणून राग, लय आणि पट्टीही वेगळी हवी. पेटी कुठे थांबवावी आणि नुसत्या आवाजांवर गीत कुठे सोडून द्यावे, हेही तिथे सांगितले आहे.

वसईच्या सामवेदी आणि ईस्ट इंडियन कॅथलिकांची गाणी, कोकणीतले गोव्याचे मोतेत, आणि मुक्तिसदनातली भजने या पुस्तकात नाहीत. त्यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र ग्रंथ लागेल. ख्रिस्ती कीर्तनाच्या आख्यानांचेही इथे फक्त दिग्दर्शन आहे, कारण ती कागदावर उतरवण्याआधी कीर्तनकारांच्या तोंडून ऐकून घ्यायला हवीत आणि त्या कामाला ध्वनिमुद्रणाची जोड हवी. ज्यांच्या घरी जुन्या वह्या असतील, ज्यांत वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘काळी एक’ किंवा ‘चाल सावकाश’ असे लिहिलेले असेल, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. पुढच्या आवृत्तीची खरी सामग्री त्या वह्यांत आहे.